भिंत शाबूत, जमीन मात्र निसटलेली
पाणकाठच्या संरक्षक भिंतींखालची माती का सरकते आणि तिचे गणित कसे मांडतात

नदीकाठची किंवा बंदरातील भिंत कोसळली, की पहिला संशय बांधकामावर घेतला जातो. सिमेंट कमी होते काय, सळया गंजल्या होत्या काय, पाया उथळ होता काय, असे प्रश्न विचारले जातात आणि अनेकदा ते रास्तही असतात. परंतु पाणकाठच्या भिंतींच्या इतिहासातील काही मोठे अपघात या प्रश्नांच्या कक्षेत बसत नाहीत. त्या अपघातांत भिंत मोडली नव्हती. तिच्या मागची, तिच्या खालची आणि तिच्या पुढची माती एकच प्रचंड गोळा होऊन सरकली आणि त्या गोळ्यावर उभी असलेली भिंत अखंडपणे त्याच्याबरोबर पाण्यात गेली.

संरक्षक भिंतीचा आराखडा करताना तीन गोष्टी तपासण्याचा प्रघात जुना आहे. मागच्या मातीच्या रेट्याने भिंत पुढे घसरेल काय, ती पुढच्या कडेवर उलथेल काय, आणि पायाखालची जमीन तिचे वजन पेलेल काय. मातीच्या रेट्याचे गणित फ्रेंच लष्करी अभियंता कूलंब याने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. १८५७ मध्ये रँकिन यांनी त्याला आणखी सुटसुटीत रूप दिले. या तिन्ही तपासण्यांमध्ये भिंत हा एक घटक आणि माती हा दुसरा घटक, असे गृहीत धरलेले असते. चौथी तपासणी मात्र निराळी आहे. तिच्यात भिंत आणि माती यांना एकाच तराजूत घालावे लागते आणि भिंतीच्या बळकटीला जवळजवळ काहीच किंमत नसते. ही चौथी तपासणी कशी करावी, हे अभियंत्यांना नीट उमगले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, स्वीडनमधील गोथेनबर्ग या बंदरात.

गोथेनबर्गचा धक्का

गोथेनबर्ग हे शहर गोटा नदीच्या मुखाशी वसले आहे. हिमयुग ओसरताना समुद्राच्या तळाशी साचलेली मऊ चिकणमाती तेथे नदीच्या दोन्ही काठांखाली पसरलेली असून काही ठिकाणी तिची जाडी शंभर मीटरच्या घरात जाते. इतक्या खोल मातीत खडकापर्यंत पाया नेणे त्या काळी अशक्यप्राय होते. साहजिकच धक्के या चिकणमातीवरच उभे राहिले आणि त्यांतील काही वेळोवेळी नदीत सरकतही राहिले. १९१६ साली स्टिगबेर्ग येथील धक्क्याचा मोठा भाग असाच सरकला.

अपघात नवा नव्हता. नवे होते ते त्यानंतरचे काम. सरकलेल्या जमिनीची मोजमापे घेण्यात आली, जमिनीत बोअर घेण्यात आले, आणि धक्क्याचे तुकडे मूळ जागेपासून किती खाली, किती पुढे व किती कलले आहेत हे नोंदवण्यात आले. धक्क्याचा मागचा भाग खाली बसला होता आणि पुढे नदीचा तळ वर उचलला गेला होता. के. ई. पेटरसन आणि स्वेन हुल्टिन या अभियंत्यांनी या नोंदींवरून निष्कर्ष काढला, की मातीचा गोळा सरळ रेषेत घसरलेला नसून एका काल्पनिक केंद्राभोवती फिरला आहे. ज्या पृष्ठभागावरून तो निसटला, त्याचा उभा छेद जवळजवळ वर्तुळाच्या कंसासारखा होता. पाळण्यात बसलेले मूल पुढे झुकावे तशी ही हालचाल असते; फरक इतकाच, की हा पाळणा परत मागे येत नाही.

चिकणमातीतील घसरण वक्र असते, ही गोष्ट खरे तर फ्रान्समधील कालव्यांच्या भरावांचा अभ्यास करणाऱ्या अलेक्सांद्र कोलँ याने १८४६ मध्येच लिहून ठेवली होती. त्याचा ग्रंथ इतका विस्मृतीत गेला, की त्याचे इंग्रजी भाषांतर यायला १९५६ साल उजाडले. अभियांत्रिकीत एखादी गोष्ट शोधून काढणे आणि ती कामाच्या रीतीत रुजणे या दोन घटनांमध्ये शंभर वर्षे जाऊ शकतात, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

स्वीडनमध्ये मात्र ती रुजली, कारण तेथे रेल्वेमार्गही घसरत होते. स्वीडिश सरकारी रेल्वेने या घसरणींच्या चौकशीसाठी वोल्मार फेलेनियस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. आयोगाचे काम सुरू असतानाच, १ ऑक्टोबर १९१८ रोजी ब्रोविकेन उपसागराच्या काठावरील येटो येथे पावसाने भिजलेला भराव खचला आणि प्रवासी गाडी त्यावरून खाली कोसळली. चाळीसहून अधिक माणसे दगावली. आयोगाचा अंतिम अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. घसरवर्तुळाची पद्धत पुढे ‘स्वीडिश पद्धत’ म्हणून जगभर ओळखली गेली, ती या पार्श्वभूमीवर.

वर्तुळाचे गणित

ही पद्धत समजण्यास अवघड नाही. धक्क्याच्या उभ्या छेदाचे चित्र काढावे. भिंतीच्या वर कोठेतरी एक केंद्र धरावे आणि कंपास फिरवून असा कंस काढावा, की तो भिंतीच्या मागे जमिनीतून खाली उतरेल, भिंतीच्या तळाखालून जाईल आणि पुढे पाण्याच्या तळातून वर येईल. या कंसाच्या आतील सर्व काही, म्हणजे भिंत, माती, पाणी आणि धक्क्यावर ठेवलेला माल, त्या केंद्राभोवती फिरू पाहत आहे असे समजावे. केंद्राच्या जमिनीकडील बाजूचे वजन गोळ्याला पाण्याकडे फिरवते. पाण्याकडील बाजूचे वजन त्याला अडवते. वजनाला केंद्रापासूनच्या आडव्या अंतराने गुणले, की त्याची फिरवण्याची ताकद, अर्थात परिबल मिळते. याखेरीज अडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे कंसाच्या संपूर्ण लांबीवर मातीची स्वतःची चिकटून राहण्याची ताकद, जिला अभियंते कर्तनसामर्थ्य म्हणतात. अडवणाऱ्या ताकदीला फिरवणाऱ्या ताकदीने भागले, की सुरक्षा गुणांक मिळतो. तो एक आला, तर धक्का घसरणीच्या काठावर आहे. कायमस्वरूपी कामात तो परिस्थितीनुरूप १.३ ते १.५ च्या खाली जाऊ देत नाहीत.

एका कल्पित धक्क्यावर हे करून पाहता येईल. धक्क्याचा माथा पाण्याच्या तळापासून ८ मीटर उंच आहे, समोर ६ मीटर पाणी आहे, माती सर्वत्र मऊ चिकणमाती असून तिचे कर्तनसामर्थ्य दर चौरस मीटरला अडीच टन आहे. केंद्र भिंतीच्या बरोबर वर, माथ्यापासून १ मीटर उंचीवर धरले आणि त्रिज्या १५ मीटर घेतली, तर कंस तळाखाली ६ मीटर खोल जातो व त्याची लांबी सुमारे साडेछत्तीस मीटर भरते. धक्क्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे, मागची माती साधारण १,४०० टन-मीटरच्या परिबलाने गोळा पाण्याकडे फिरवू पाहते. समोरचे पाणी आपल्या वजनाने आणि दाबाने त्यातील सुमारे ५६० टन-मीटर परतवून लावते. उरले ८४०. मातीचा प्रतिकार १,३७० च्या आसपास. सुरक्षा गुणांक १.६. आराखडा मंजूर व्हायला हरकत नाही.

आता धक्क्याच्या मागच्या १५ मीटर रुंदीत दर चौरस मीटरला दोन टन या हिशेबाने माल रचला. फिरवणाऱ्या बाजूला २२५ टन-मीटरची भर पडते आणि गुणांक १.३ च्या किंचित खाली येतो. मग समोरचे पाणी दोन मीटरने उतरते. पाण्याची मदत ५६० वरून ३५० वर येते आणि गुणांक १.०७ होतो. एवढ्यात मोठ्या जहाजांसाठी भिंतीच्या पायथ्याशी फक्त एक मीटर गाळ उपसला जातो. समोरचे वजन थोडे घटते, कंसाची लांबीही थोडी घटते. गुणांक एक. भिंतीच्या एकाही दगडाला कोणी हात लावलेला नाही.

या उदाहरणातील तीन बदल तीन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या कक्षेत येतात, ही गोष्ट गणितापेक्षा महत्त्वाची आहे. माल कोठे रचायचा हे गोदी व्यवस्थापन ठरवते, गाळ किती उपसायचा हे बंदराचा सागरी विभाग ठरवतो आणि पाणी किती उतरायचे ते समुद्र ठरवतो. प्रत्येक बदल एकेकटा निर्धोक असतो. तिघांची बेरीज कोणाच्या टेबलावर होते, हा प्रश्न बहुतेक बंदरांत विचारून पाहण्यासारखा आहे.

अर्थात एक वर्तुळ तपासून भागत नाही. केंद्र थोडे हलवावे, त्रिज्या बदलावी आणि पुन्हा हिशेब करावा. असे करता करता ज्या वर्तुळाचा गुणांक सर्वांत कमी येईल, तेच धोक्याचे. पूर्वी हे काम कागदावर, काही दिवस खपून चाले. आज संगणक काही क्षणांत हजारो वर्तुळे तपासतो. त्यामुळे श्रम वाचले, परंतु मातीचे सामर्थ्य म्हणून जो आकडा संगणकात भरला जातो, तो कोठून आला हा प्रश्न जेथे होता तेथेच आहे.

पाण्याची दुहेरी भूमिका

पाणी भिंतीचे शत्रू आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पाणकाठच्या भिंतीपुरते हे अर्धेच खरे आहे. समोरचे पाणी भिंतीला टेकू देत असते. घात करते ते मागचे पाणी.

मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी असते आणि त्याला स्वतःचा दाब असतो. हा छिद्रजलदाब जितका वाढेल, तितके कण एकमेकांवर कमी घट्ट टेकतात आणि त्यांच्यातील घर्षण घटते. व्हिएन्ना येथे १९२५ साली मृदायांत्रिकीवरील आपला पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध करणारे कार्ल तेर्झागी यांनी हे तत्त्व मांडले आणि मातीचे वागणे एका सूत्रात आणले. वाळूतील पाणी क्षणात वाट काढते. चिकणमातीतून मात्र ते बाहेर पडायला महिने, वर्षे, जाड थरात तर दशकेही लागतात.

म्हणूनच पाणकाठच्या भिंतीला सर्वांत धोक्याची वेळ पूर चढतानाची नसते, तर पूर झपाट्याने ओसरतानाची असते. नदी उतरते, समोरचा टेकू जातो. पण मागची माती अद्याप पाण्याने फुगलेली, जड आणि आतून सैल झालेली असते. अभियंते या स्थितीला जलद उताराची स्थिती म्हणतात आणि धरणांच्या बाबतीत तिची वेगळी तपासणी करतात. कृष्णाकाठच्या लोकांना यासाठी पाठ्यपुस्तकाची गरज नाही. सांगली-कोल्हापूर पट्ट्याने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिले. पाणी उतरू लागले, की काठाची काळी माती कापल्यासारखी ढासळते आणि मळीची जमीन नदीत जाते, हे तेथील शेतकऱ्याला ठाऊक असते. भिंत बांधली म्हणून मातीचा हा स्वभाव बदलत नाही. भिंतीला पाणी निघण्याची छिद्रे ठेवलेली नसतील किंवा ती रंगकामात, सुशोभीकरणात बुजली असतील, तर तो उलट अधिक तीव्र होतो.

छिद्रजलदाब हिशेबात घ्यायचा, तर साधे वर्तुळ पुरत नाही, कारण कंसावर प्रत्येक ठिकाणी दाब निराळा. त्यासाठी कंसाच्या आतील मातीचे उभे काप कल्पून प्रत्येक कापाचा वेगळा हिशेब करावा लागतो. फेलेनियस यांनी ही रीत रूढ केली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील ॲलन बिशप यांनी १९५५ मध्ये तिच्यात सुधारणा केली. आजही जगभरच्या कार्यालयांत बिशप यांचे नाव या गणिताला जोडलेले आहे.

न्यू ऑर्लिन्स : सरासरीचा घात

हे सारे माहीत असूनही काय होऊ शकते, ते अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराने २९ ऑगस्ट २००५ रोजी अनुभवले. कतरिना चक्रीवादळात मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या हजाराहून अधिक होती आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. प्रारंभी असा समज पसरला, की वादळच आराखड्यापेक्षा मोठे होते, पाणी भिंतींवरून वाहिले आणि भिंती पडल्या. काही ठिकाणी तसे झालेही. पण ‘सतराव्या रस्त्याचा कालवा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालव्यावर तसे घडले नव्हते. तेथे पाणी भिंतीच्या माथ्याला पोहोचण्यापूर्वीच सुमारे १४० मीटर लांबीचा भाग निघून गेला.

या कालव्याच्या काठावर मातीचा बांध होता. बांधाच्या माथ्यातून पोलादी पत्र्यांची सलग रांग जमिनीत ठोकून तिच्यावर काँक्रीटची भिंत उभारलेली होती. बांधाखाली दलदलीत साचलेले कुजट, तंतुमय थर आणि त्यांच्याखाली अतिशय मऊ चिकणमाती. पाण्याचा दाब वाढताच बांधाचा शहराकडील अर्धा भाग या मऊ थरावरून जवळजवळ आडवा घसरला आणि सुमारे चौदा मीटर आत जाऊन थांबला. त्याच्या पाठीवरचे गवत जसेच्या तसे होते.

चौकशीत दोन बाबी पुढे आल्या. पहिली मातीच्या आकड्यांची. कालव्याच्या लांबच लांब भागासाठी मातीच्या सामर्थ्याचा सरासरी आकडा धरला गेला होता आणि बहुतेक नमुने बांधाच्या मध्यभागातून घेतलेले होते. बांधाच्या वजनाने अनेक वर्षे दाबली गेल्यामुळे मधली माती घट्ट झालेली होती. पायथ्याची माती, जिच्यावर कोणतेच वजन नव्हते, ती तशीच मऊ राहिली होती. घसरण्याचा मार्ग या मऊ भागातून गेला. साखळीची ताकद कड्यांची सरासरी काढून ठरत नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही. पण बोअर घेण्याचा खर्च वाचवायचा असला, की सरासरीचा मोह होतो.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म होती. पाण्याच्या दाबाने भिंत किंचित शहराकडे कलली आणि कालव्याच्या बाजूला, भिंत व बांध यांच्यामध्ये, एक फट उघडली. त्या फटीत पाणी शिरले आणि ते पत्र्यांच्या बुडापर्यंत पूर्ण दाबाने भिंतीला ढकलू लागले. बांधाचे दोन तुकडे झाले. हिशेबात संपूर्ण बांध प्रतिकार करणार असे धरले होते. प्रत्यक्षात त्याचा निम्माच भाग उरला. अशी फट पडू शकते, हे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाला १९८५ मध्ये लुइझियानातच घेतलेल्या चाचणीत दिसले होते. ते निरीक्षण आराखड्यांपर्यंत मात्र पोहोचले नाही. जून २००६ मध्ये अहवाल प्रसिद्ध करताना अभियंता दलाने आपल्या आराखड्यातील उणिवा मान्य केल्या.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. घसरण वर्तुळाकार नव्हती. जमिनीत एखादा पातळ, दुबळा थर असेल, तर निसटणारी माती त्या थराचा रस्ता पकडते आणि वर्तुळ शोधत बसलेल्या गणिताला चकवते. स्टिगबेर्गची एकसारखी, खोल चिकणमाती वर्तुळाला अनुकूल होती. न्यू ऑर्लिन्सची नव्हती.

कोबेमध्ये माती निराळी होती आणि धोकाही निराळा. जपानमधील या बंदरात भराव टाकून तयार केलेल्या बेटांचे काठ काँक्रीटच्या अवाढव्य पेट्यांनी, म्हणजे केसॉनांनी, राखलेले होते. समुद्रतळाची चिकणमाती दुबळी म्हणून ती उपसून तिच्या जागी कुजलेल्या ग्रॅनाइटची वाळू भरली होती. तत्कालीन गणिताप्रमाणे हे योग्यच होते. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात नेमकी ही वाळू सैल झाली. केसॉन मोडले नाहीत, पण कित्येक मीटर, काही ठिकाणी पाच मीटरपर्यंत, समुद्राकडे सरकले आणि त्यांच्यामागची जमीन खचली. माया धक्क्यावरील काही केसॉन अधिक तीव्र भूकंप गृहीत धरून बांधलेले होते. ते बऱ्याच अंशी तगले. चिकणमातीचा धोका टाळताना वाळूचा धोका पदरात घेतला गेला होता.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याखाली

मुंबईची जमीन खडकाळ आहे, हा समज निम्म्या मुंबईपुरता ठीक आहे. पूर्व किनाऱ्यावर, ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंस, न्हावा-शेवा आणि नवी मुंबईच्या खाडीपट्ट्यात बसाल्टवर मऊ, काळसर सागरी चिकणमातीचे थर आहेत. तिवरांच्या चिखलात पाय रुतवलेल्या कोणालाही त्यांची कल्पना आहे. उधाणाच्या दिवसांत येथील भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या आसपास असतो. म्हणजे वरच्या कल्पित धक्क्यावर पाणी दोन मीटरने उतरल्यावर जे घडले, त्याच्या दुप्पट चढउतार येथे दिवसातून दोनदा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या प्रिन्सेस (१८८०) आणि व्हिक्टोरिया (१८८८) या गोद्या व त्यानंतरची अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी (१९१४), दरवाजे लावून बंद करण्याची रचना होती. ओहोटीतही जहाजे तरंगती राहावीत हा तिचा हेतू. परंतु गोदीतील पाणी एका पातळीला राहिल्याने भिंतींचा टेकूही दिवसातून दोनदा काढला जात नाही, हा तिचा अनुषंगिक लाभ.

येथील भूगर्भरचनेत एक फायदा आणि एक फसगत आहे. फायदा असा, की चिकणमातीखाली फार खोल नसलेला मुरूम व बसाल्ट बहुतेक ठिकाणी सापडतो आणि धक्क्याचे खांब त्यात रोवता येतात. फसगत अशी, की घसरवर्तुळ खडकात शिरू शकत नाही. ते खडकाच्या माथ्याला टेकते आणि त्या पृष्ठभागावरून सपाट सरकते. खडकाचा माथा खाडीकडे उतरता असेल, तर तोच घसरगुंडी होतो. म्हणून येथे बोअर केवळ खडक लागेपर्यंत घेऊन चालत नाही. खडकाचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे कळण्याइतके ते जवळजवळ घ्यावे लागतात.

उपाय अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक भिंत जाड करण्याचे नाहीत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भिंतीच्या मागचे वजन कमी करणे किंवा पायथ्याशी दगडांचा भराव टाकून समोरचे वजन वाढवणे. दुसरा, घसरवर्तुळाला छेदून खाली जाणारे खांब किंवा पोलादी पत्रे ठोकणे. मात्र ती वर्तुळाच्या बऱ्याच खाली पोहोचायला हवीत, नाही तर गोळ्याबरोबर तीही प्रवास करतात. तिसरा, भिंत मागच्या भक्कम जमिनीला सळ्यांनी नांगरणे. येथेही नांगर वर्तुळाच्या बाहेर हवा. आणि चौथा, चिकणमातीत उभ्या निचरावाहिन्या घालून वर तात्पुरता भराव ठेवायचा आणि पाणी निघून माती घट्ट होण्याची वाट पाहायची. नवी मुंबई-न्हावा-शेवा पट्ट्यातील मोठ्या भरावांच्या कामांत या वाहिन्यांचा वापर झालेला आहे. या उपायात महिने जातात. ते देण्याची तयारी नसलेल्या कंत्राटदाराने भराव घाईने चढवला, तर तो भरावच घसरणीचे कारण होतो. चिकणमातीवर भराव टप्प्याटप्प्याने चढवण्याचा नियम त्यामुळेच आहे.

नदीकाठच्या सुशोभीकरणाच्या कामांना हा हिशेब फारसा लावला जात नाही. काठाला भिंत घालायची, मागे माती भरून ती सपाट करायची, त्यावर पदपथ, झाडांच्या कुंड्या, बाके आणि एखादा पुतळा ठेवायचा, अशी ही कामे असतात. कामाच्या फलकावर खर्चाचा आकडा असतो, ठेकेदाराचे नाव असते. भिंतीमागे दर चौरस मीटरला किती वजन चालेल, हे कोठेही लिहिलेले नसते. बंदरांच्या धक्क्यांवर अशी मर्यादा ठरवलेली असते. नदीकाठालाही ती लागू करण्यात कोणती अडचण आहे, हे समजत नाही.

घसरण अचानक होत असली, तरी बहुधा ती आगाऊ वर्दी देते. ती वर्दी भिंतीत शोधू नये. भिंतीवरील उभी भेग अनेकदा तापमानाची किंवा सांध्याची असते. पाहायचे ते भिंतीच्या मागे, पाच-दहा-पंधरा मीटरवर, काठाला समांतर धावणारी, कमानीसारखी किंचित वळलेली जमिनीतील भेग. ती वर्तुळाचे मागचे टोक असते. तिच्या पाण्याकडील बाजूची फरशी वितभर नव्हे, बोटभर जरी खाली बसली असेल, तरी ती नोंद महत्त्वाची. धक्क्यावरील क्रेनच्या दोन रुळांमधील अंतर बदलणे, विजेचे खांब मागच्या बाजूला कलणे, आणि ओहोटीत पायथ्यापुढचा चिखल उगाचच उंचावलेला दिसणे, हीही त्याच हालचालीची चिन्हे आहेत. भिंत पाण्याकडे झुकण्याऐवजी जमिनीकडे झुकत असेल, तर पाहणारा निर्धास्त होतो. वास्तविक खोल घसरणीत गोळा फिरतो तेव्हा भिंतीचा माथा मागे जातो आणि तळ पुढे येतो. अशी भेग दिसल्यावर ती सिमेंटने बुजवणे हे सर्वांत वाईट काम. तिच्यात पाणी जाऊ नये म्हणून ती झाकावी, दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातील अंतर दररोज मोजावे आणि मागचे वजन त्याच दिवशी हलवायला घ्यावे.